मोडलेला पाय घरी आल्यावर

गेल्या वर्षी आषाढ महिन्यात आमच्या मंडळीतील एका बंधूचा पाय मोडला. शेणखताची गाडी शेताकडे नेत असता बैल बुजले, गाडी उताराला लागली, आणि ती आवरावयास तो पुढे धावला तेव्हा पाय घसरून चाक त्याच्या उजव्या नडगीवरून गेले. मनुष्य मोलमजुरी करणारा, वयाने चाळिशीच्या आत. घरी पत्नी, दोन मुले व वृद्ध आई. त्यास जिल्ह्याच्या गावी इस्पितळात नेले. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होऊन हाडात धातूची सळई घातली गेली, आणि सहाव्या दिवशी तो जीपगाडीतून घरी आला. आम्ही सर्वांनी देवाचे आभार मानिले आणि संकट टळले असे समजून स्वस्थ झालो.

मी दर आठवड्यास त्यास भेटावयास जात असे. तो भिंतीकडे डोके करून बाजेवर पडलेला असे. पाय एका उशीवर, घोटा खाली कललेला. तिसऱ्या की चौथ्या भेटीत त्याने मला विचारिले, “मास्तर, पाय जरा टेकून पाहू का?” मी म्हणालो, “अजून नको, भाऊ. घाई कशाला? हाड आहे ते. पडून राहा.” त्याच्या आईनेही माझीच री ओढली. मास्तरांनी सांगितले म्हणजे झाले, असे घरात ठरले, आणि तो बिचारा अडीच महिने पडून राहिला.

अडीच महिन्यांनी त्यास पुन्हा इस्पितळात नेले तेव्हा मी सोबत होतो. क्ष-किरणांच्या चित्रात हाड जुळू लागलेले दिसत होते. परंतु घोटा खाली वळलेल्या स्थितीत आखडून बसला होता. टाच जमिनीस लागेना. मांडी वाळून दुसऱ्या मांडीच्या मानाने बारीक झाली होती, आणि गुडघा पुरता वाकत नव्हता. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि विचारिले, “ह्यावर लिहिलेले का केले नाही?” तो कागद इंग्रजीत होता. त्यावर तीन ओळी होत्या: घोटा व गुडघा आजपासूनच हलवावा, कुबड्या घेऊन पायावर थोडा भार देत चालावे, सहा आठवड्यांनी दाखविण्यास यावे. घरात ते वाचणारे कोणी नव्हते. मला वाचता येते. ज्या पिशवीत तो कागद होता ती पिशवी प्रत्येक भेटीत माझ्या डोक्यावर खुंटीला टांगलेली होती.

इस्पितळाने ती सूचना मराठीत लिहून द्यावयास हवी होती, हे खरे. पण माझा दोष त्याने कमी होत नाही. खेड्यात डॉक्टर नसतो तेथे उपदेशकाच्या, शिक्षकाच्या शब्दास डॉक्टरच्या शब्दाइतके वजन येते, आणि दयेने बोललेला अज्ञानाचा शब्दही तितकाच मानिला जातो. म्हणून त्यानंतर मी डॉक्टरांस व व्यायामोपचार करणाऱ्या बाईंस पुष्कळ प्रश्न विचारिले, काही वाचन केले, आणि जे समजले ते येथे लिहीत आहे. ज्या बंधूंच्या गावी असा रोगी घरी येईल त्यांनी प्रथम पिशवीतला कागद काढून वाचावा. न समजल्यास फोन करून विचारावे. बाकी सर्व त्यानंतर.

गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन हाडे असतात. पुढचे जाड ते नडगीचे हाड. अंगाचा बहुतेक भार तेच वाहते. बाहेरच्या बाजूस मांसात दडलेले दुसरे बारीक हाड असते. आपल्या नडगीवरून बोट फिरवून पाहावे, म्हणजे समजेल की आतील बाजूस हाड व कातडी ह्यांमध्ये मांस जवळजवळ नाहीच. ह्यामुळे नडगी मोडली असता तिचे टोक सहज कातडी फाडून बाहेर येते. आणि भोवतालच्या मांसाकडून हाडास जे रक्त मिळावयाचे ते एका बाजूने मिळत नसल्यामुळे हे हाड सावकाश जुळते. मनगटाचे हाड सुमारे सहा आठवड्यांत धरते. नडगीस चार ते सहा महिने लागणे ही साधारण गोष्ट होय, आणि जखम मोठी असल्यास त्याहूनही अधिक. शेजारच्या गावात अमक्याचा हात दीड महिन्यात बरा झाला, असे सांगून रोग्यास हिणवू नये.

कातडी फाटून पाय मोडणे म्हणजे एके काळी मरणाचे बोलावणेच असे. शस्त्रवैद्य पुष्कळदा पायच कापून टाकीत, आणि कापल्यावरही कित्येक लोक जखम सडून मरत. १८६५ सालच्या ऑगस्ट महिन्यात स्कॉटलंडातील ग्लासगो शहरी जेम्स ग्रीनलीस नावाच्या ११ वर्षांच्या मुलाच्या पायावरून असेच गाडीचे चाक गेले व हाड मोडून जखम झाली. तेथील शस्त्रवैद्य जोसेफ लिस्टर यांनी लुई पाश्चर यांचे जंतूंविषयीचे लेख वाचिले होते. जखम कुजते ती सूक्ष्म जीवांमुळे, तेव्हा त्यांस आत शिरू दिले नाही तर ती कुजणार नाही, असा तर्क करून त्यांनी मुलाची जखम कार्बोलिक आम्लाने भिजविलेल्या कापडाने झाकिली. चार दिवसांनी उघडून पाहतात तो पू नाही, दुर्गंधी नाही. सुमारे सहा आठवड्यांत हाड जुळले आणि पाय वाचला. लिस्टर यांनी १८६७ साली हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. आज इस्पितळातील बाई हात धुतल्यावाचून पट्टीस शिवत नाहीत त्याचे मूळ येथे आहे. आपल्या घरी मात्र भेटावयास आलेला प्रत्येक पाहुणा पट्टी उचलून पाहतो. हे बंद केले पाहिजे. टाके साधारण बारा ते चौदा दिवसांनी काढितात. तोपर्यंत जखम कोरडी ठेवावी, तीवर हळद, राख, झाडपाला काही लावू नये.

सळईची युक्ती ह्याहून बरीच अलीकडची आहे. जर्मनीतील कील येथील गेरहार्ड कुन्चर ह्या शस्त्रवैद्यांनी १९३९ साली मांडीच्या मोडलेल्या हाडाच्या पोकळीत लांब सळई घातली व पुढील वर्षी बर्लिन येथील शस्त्रवैद्यांच्या सभेपुढे ती रीत मांडिली. त्यापूर्वी असे रोगी पायाला वजन टांगून आठवडेच्या आठवडे खाटेवर खिळलेले असत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या हाती सापडलेले सैनिक मायदेशी परतले तेव्हा त्यांच्या मांडीत ती सळई पाहून तेथील डॉक्टर चकित झाले. आता सळईच्या दोन्ही टोकांस हाडातून आडवे स्क्रू बसवितात, त्यामुळे हाड फिरत नाही व आखूड होत नाही. ह्या साऱ्या खटाटोपाचा हेतूच मुळी हा की रोग्याने लवकर उठावे, सांधे हलवावे. आमच्या बंधूस ही नवी सळई मिळाली, आणि आम्ही मात्र त्यास १९३९ सालापूर्वीच्या रोग्याप्रमाणे निजवून ठेविले.

सळईविषयी आपल्या लोकांत दोन समज आढळतात, आणि दोन्ही घातक आहेत. एक असा की, पायात लोखंड घातले आहे, आता काय भीती? पोते उचल, गाडी हाक. दुसरा असा की, आत परकी वस्तू आहे, हलशील तर सरकेल. वस्तुतः सळई हाड जोडीत नाही. ती केवळ दोन तुकडे सरळ धरून ठेविते. कुडाची भिंत लिंपताना आपण तिला टेकू देतो, पण माती वाळून भिंत घट्ट होते ती आपल्या गुणाने; त्याप्रमाणेच हे आहे. हाड मोडल्यावर तेथे रक्त साखळते. दोन-तीन आठवड्यांत त्या जागी मऊ, कुर्च्यासारखा पदार्थ तयार होऊन तुकड्यांस वेढितो. त्यात हळूहळू चुना भरून पुढील कित्येक आठवड्यांत तो कठीण होतो, आणि त्यानंतर महिनेच्या महिने, कधी वर्षाहून अधिक काळ, शरीर त्यास तासून पूर्ववत् आकार देत असते.

तो कठीण होण्यापूर्वी सर्व भार सळईवर पडत राहिला तर काय होते? तार एकदा वाकविल्याने तुटत नाही. पण त्याच ठिकाणी पुनःपुन्हा वाकविली तर शेवटी तुटते, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. सळईचेही तसेच आहे. हाड वेळेवर जुळले तर सळईवरचा ताण दिवसेंदिवस कमी होतो. हाड जुळलेच नाही तर कितीही उत्तम धातू असो, तो थकतो, आणि स्क्रू किंवा सळई मोडते. म्हणून घाई करणारा फसतो.

पण जो मुळीच भार देत नाही तोही फसतो, आणि माझ्या पाहण्यात आपल्या गावांत असे लोकच अधिक. त्यांची चूक कोणास चूक वाटत नाही, कारण ती काळजीसारखी दिसते. हाड दगडासारखे निर्जीव नाही. ज्या हाडावर भार पडतो ते बळकट होते, ज्यावर पडत नाही ते विरळ होते. हा नियम बर्लिन येथील शस्त्रवैद्य यूलियुस वोल्फ यांनी १८९२ साली ग्रंथरूपाने मांडिला. मोडलेल्या जागी योग्य मात्रेचा दाब पडल्याने नवे हाड तयार होण्यास उत्तेजनच मिळते.

ही योग्य मात्रा किती, हे केवळ शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर सांगू शकतो. हाड आडवे मोडले असेल तर कित्येकदा पहिल्याच आठवड्यापासून सोसेल तितका भार देण्यास सांगतात. चुरा झाला असेल, किंवा गुडघ्याच्या अथवा घोट्याच्या सांध्यापर्यंत चीर गेली असेल, तर सहा ते बारा आठवडे पाय टेकू देत नाहीत. सळईऐवजी पट्टी व स्क्रू बसविले असल्यास हिशेब पुन्हा निराळा. म्हणून एकाचा नियम दुसऱ्यास लावू नये. इस्पितळ सोडण्यापूर्वी सोबतच्या मनुष्याने स्पष्ट विचारावे: पाय टेकावा काय? टेकावा तर किती किलो? केव्हापासून वाढवावा? उत्तर मराठीत कागदावर लिहून घ्यावे.

दहा किलो, वीस किलो हे शब्द रोग्यास कळत नाहीत. पायाला शिकवावे लागतात. त्याची सोपी रीत मला त्या व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी दाखविली. उभे राहून तोलण्याचा काटा अंगणवाडीत किंवा आरोग्य उपकेंद्रात असतो. रोग्याने कुबड्यांवर उभे राहून बरा पाय काट्याच्या उंचीच्या फळीवर ठेवावा, दुखरा पाय काट्यावर ठेवून हळूहळू दाबावा, आणि काटा दहावर आला म्हणजे थांबून तो दाब ध्यानात धरावा. असे पाच-सात वेळा केले की तळव्यास ओळख पटते.

आता पहिल्या पंधरवड्याविषयी. पाय सुजतो, पडलेला असता तो छातीहून उंच राहील असा ठेवावा. नुसती गुडघ्याखाली उशी देऊन उपयोग नाही. तिने गुडघा वाकलेला आखडतो. टाच व पोटरी ह्यांखाली आधार देऊन पाय सरळ उंच करावा. डॉक्टरांनी मना केले नसेल तर दर तासास दहा-वीस वेळा चवडा आपल्याकडे ओढावा व दूर लोटावा. ह्या एका हालचालीने दोन कामे साधतात: घोटा आखडत नाही, आणि पोटरीतील रक्त वर ढकलले जाऊन साखळत नाही. ते साखळणे ही लहान गोष्ट नव्हे. पायातील साखळलेल्या रक्ताची गाठ सुटून फुप्फुसात गेली तर धडधाकट दिसणारा रोगी अकस्मात् दगावतो.

तेव्हा पुढील लक्षणे दिसताच रात्र आहे की पाऊस आहे हे न पाहता इस्पितळ गाठावे. पोटरी एकाएकी फुगून दुखू लागणे; छातीत कळ येणे, धाप लागणे. औषध घेऊनही पायाचे दुखणे तासातासाला वाढत जाणे, बोटे बधिर, गार किंवा फिकट होणे, बोटे ताणताच असह्य कळ येणे. ही कळ पहिल्या काही दिवसांत आली तर काही तासांचाही उशीर चालत नाही, कारण आतील मांस रक्तावाचून मरू लागलेले असते. ताप, जखमेभोवती लाली, वास, पाणी किंवा पू, हीही तशीच लक्षणे. आणि ही महिन्यांनंतरही उद्भवू शकतात. जखमेतून थेंब थेंब पाणी येते पण दुखत नाही, असे म्हणून कित्येक लोक घरी बसतात. न दुखणारा पूदेखील आत हाडापर्यंत पोचलेला असू शकतो.

आमच्या बंधूच्या घरी दुसऱ्याच आठवड्यात हाडवैद्याचा विषय निघाला. शेजारच्या वाडीचा एक वृद्ध मनुष्य तेलाने चोळून, बांबूच्या कांबी बांधून हाड बसवितो, अशी त्याची ख्याती आहे. तो मनुष्य सालस आहे, गरिबाकडून पैसा घेत नाही, आणि मुरगळलेल्या पायास त्याच्या हाताने आराम वाटतो हेही मी पाहिले आहे. पण सळई घातलेल्या हाडास बसविण्याचे काही उरलेलेच नसते. नव्या हाडाचा मऊ वेढा चोळण्याने दुखावतो, साखळलेले रक्त हलण्याची भीती असते, आणि कांबी घट्ट बांधल्याने रक्त अडून पाय कुजल्याची उदाहरणे आपल्या देशातील इस्पितळांस नवी नाहीत. मी जाऊन त्या वृद्धास नम्रपणे म्हणालो, “बाबा, आत सळई आहे, चोळू नका.” त्याने ऐकिले. त्याचे मन दुखावण्याचे कारण पडले नाही. एवढे एक काम मी त्या अडीच महिन्यांत बरोबर केले.

कुबड्या घेताना काखेचे टोक व काख ह्यांमध्ये दोन-तीन बोटांचे अंतर राहिले पाहिजे, आणि मूठ धरिली असता कोपर किंचित वाकलेले असावे. सर्व भार हातावर घ्यावयाचा, काखेवर नाही. काखेवर लोंबकळल्याने तेथील मज्जातंतू दबून हात लुळा पडतो. बाभळीच्या घरगुती कुबड्याही चालतात, परंतु खाली जुन्या टायरचा तुकडा घट्ट ठोकावा. नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर कुबडी हमखास घसरते, तेव्हा त्या दिवसांत सारवण घरातील मंडळींनी बेताने करावे. पायरी चढताना बरा पाय आधी, उतरताना कुबड्या व दुखरा पाय आधी. पुढे एका काठीवर आल्यावर लोक काठी दुखऱ्या बाजूच्या हाती धरितात. ती बऱ्या बाजूच्या हाती धरावयाची असते. हे ऐकून प्रथम सर्वच हसतात. दोन पावले टाकून पाहिले की पटते.

उकिडवे बसणे बहुधा बरेच दिवस जमत नाही. शौचासाठी लाकडी खुर्चीची बैठक मध्ये गोल कापून ती शौचकूपावर ठेवावी. ह्या लाजिरवाण्या अडचणीपायी कित्येक रोगी पोटभर जेवत नाहीत व पाणी पीत नाहीत, आणि हे ते कोणास सांगतही नाहीत. भेटावयास जाणाऱ्याने ही गोष्ट आपण होऊन विचारावी. मला ती विचारण्याचे सुचले नव्हते; सुतारकाम जाणणाऱ्या एका तरुणाने तशी खुर्ची आणून ठेविली, तेव्हा त्या घरातील माउलीच्या डोळ्यांत पाणी आले.

जेवणाविषयी आपल्या घरोघर पथ्यांचा सुळसुळाट आहे. आंबट खाल्ले की जखम पिकते, डाळ खाल्ली की पू होतो, अंडे उष्ण पडते. ह्यांत तथ्य नाही. जखम पिकते ती जंतूंनी. हाडाची चौकट प्रथिनांची आणि भर चुन्याची, तेव्हा दोन्ही पदार्थ रोज पाहिजेत. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम चुना असतो, म्हणजे तितक्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. म्हणून ज्यास दूध परवडत नाही त्याने नाचणीची भाकरी किंवा आंबील घ्यावी. डाळी, हरभरा, शेंगदाणे, अंडी, सुकट ह्यांतून प्रथिने मिळतात. लिंबू, आवळा खुशाल खावा. जखम भरण्यास त्यांचा उपयोगच आहे. सकाळी अंगणात बाज टाकून थोडा वेळ उन्हात बसावे, कारण चुना अंगी लागण्यास जे जीवनसत्त्व लागते ते उन्हाने अंगात तयार होते. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवावी, नाही तर जखम व हाड दोन्ही रेंगाळतात.

तंबाखूविषयी मी कठोरपणे लिहितो, कारण येथे गोड बोलून काही साधत नाही. बिडी ओढणाऱ्याची नडगी न ओढणाऱ्याच्या मानाने उशिरा जुळते, आणि मुळीच न जुळण्याचा धोकाही त्यास अधिक असतो, हे पुष्कळ रोग्यांवरून पाहिले गेले आहे. तंबाखूतील विष रक्तवाहिन्या आकसविते, आणि नडगीस रक्त आधीच तोकडे. तेच विष मळलेल्या तंबाखूत व मिश्रीतही आहे. रिकामपणी वेळ जात नाही म्हणून बिडी वाढते. भेटीस येणारे मित्र प्रेमाने आणूनही देतात. ती प्रेमाची बिडी दारातच परत करावी.

व्यायामास मोठे साहित्य लागत नाही. पाय लांब करून बसावे, पंचा तळव्यास लावून त्याची दोन्ही टोके आपल्याकडे ओढावी व अर्धा मिनिट धरावे, असे दहादा. गुडघ्यामागे दुमडलेले फडके ठेवून ते खाली दाबावे. पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा व हळू टेकावा. खाटेच्या काठावर बसून गुडघा सोडावा व सरळ करावा. ओढल्यासारखे दुखेल. ते दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत शमले तर ठीक. मोडलेल्या जागीच तीव्र कळ राहिली किंवा सूज वाढली तर तो दिवस जास्त झाला असे समजून दुसऱ्या दिवशी कमी करावे. वेदनाशामक गोळ्या दुकानातून आपल्या मनाने आणून महिनोन् महिने खाऊ नयेत.

एक गोष्ट स्त्रियांविषयी. पुरुषाचा पाय मोडला तर सर्व घर त्यास निजवून ठेविते. बाईचा मोडला तर टाके निघताच ती चुलीपुढे दिसते, आणि महिन्याभरात कडेवर पोर व डोक्यावर हंडा. एकाच घरात मी हे दोन्ही प्रकार पाहिले आहेत. तिच्या बाबतीत उपदेशकाचे काम उलट आहे: पाणी कोण भरील, लाकडे कोण आणील, हे नावानिशी वाटून द्यावयाचे. तिला पडून राहा असे नुसते सांगणे फुकट आहे.

सहा आठवड्यांनी व बारा आठवड्यांनी बोलाविले असता गाडीभाडे वाचविण्यासाठी जाणे टाळू नये. न दुखणे म्हणजे जुळणे नव्हे. डॉक्टर समोरून व बाजूने अशी दोन चित्रे घेतात. त्यांत हाडाच्या चार कडा दिसतात, आणि त्यांपैकी निदान तीन ठिकाणी नव्या हाडाचा पूल झालेला दिसला म्हणजे जुळले असे म्हणतात. सहा महिन्यांनीही पूल दिसत नसेल तर दुसरी शस्त्रक्रिया करून जाड सळई घालणे किंवा कमरेच्या हाडाचा कीस आणून भरणे असे उपाय आहेत. त्याने खचून जाऊ नये; उशीर करणे मात्र वाईट. हाड जुळल्यावर सळई काढलीच पाहिजे असेही नाही. ती त्रास देत नसेल तर बहुधा जन्मभर आत राहते.

नडगीत सळई घातलेल्या पुष्कळांस गुडघ्याच्या पुढील बाजूस दुखते, विशेषेकरून गुडघे टेकताना, आणि हे दुखणे हाड जुळल्यावरही राहते. आमचा बंधू उपासनेत सर्व जण गुडघे टेकीत तेव्हा शरमून बाहेर ओट्यावर जाऊन बसे. कारण समजल्यावर आम्ही त्याच्यासाठी भिंतीलगत एक बाक ठेविले.

त्याच्या घोट्यासाठी व्यायामोपचार चार महिने चालले. पंचाने ओढावयाचे काम त्याच्या धाकट्या मुलाने पत्करिले होते. तो रोज शाळेतून आल्यावर बापाचा पाय मांडीवर घेऊन बसे व मोठ्याने अंक मोजी. नाताळाच्या सुमारास टाच जमिनीस लागली. अजून चढणीवर पाय पुरता वर येत नाही, म्हणून तो काठी घेतो, डाव्या हाती. पेरणीच्या कामावर तो ह्या वर्षी गेला. खताची गाडी मात्र त्याचा भाऊ हाकितो.